तीन दारांची बातमी

तिच्या स्वतःच्या हातात एकही बांगडी नव्हती. डोक्यावर बांगड्यांचा हारा, खांद्यावर दोरीत ओवलेल्या माळा, आणि मनगटं मात्र पुरुषासारखी उघडी. नव्या सुना बघून दचकायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझ्याच हातात वाजाय लागलं तर तुमच्या हातातलं ऐकू कसं येणार?" एकावर एक बांगडी टिचकून ती कानाशी धरायची. तडा गेलेली काच वेगळी वाजते. तशी वाजली की ती बाजूला टाकायची. फुटकं गळ्यात मारलं असं तिच्याबद्दल कुणी म्हणालं नाही. बाकी पुष्कळ म्हणाले.

ती मणेरीण होती, म्हणजे बांगड्या भरणारी मुसलमान बाई. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या दोन्ही काठांवरची गावं ती पायी फिरायची. आम्ही तिला चाची म्हणायचो. तिचं नाव मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्यात तेव्हा बाईचं नाव विचारायची पद्धत नव्हती. कुणाची कोण एवढं कळलं की पुरे.

तिच्याबद्दल लिहा असं नातवानं सांगितलं. मी चौथी शिकले. जमेल तसं लिहिते. ती फार मायाळू होती असं मी लिहिणार नाही, कारण ती मायाळू नव्हती.

बांगड्या भरताना ती तोंडाकडे बघायची नाही, हात बघायची. स्वतःच्या मांडीवर समोरचीचा हात घ्यायची, बोटं एकत्र दाबायची आणि म्हणायची, "हात ढिला सोड." एवढं एकच वाक्य. हात आवळला तर बांगडी अडते, काच कातडीत शिरते. पण नव्या सुनेला हात सैल सोडता येत नाही. सासर म्हणजे आवळून बसायचीच जागा. मग ती तशीच थांबायची, हात हातात धरून, दुसरीकडे बघत. शेवटी हात कंटाळून सैल पडायचा आणि बांगडी कधी चढली ते कळायचं नाही.

हातावरून तिला सगळं कळायचं. कुणाचा दंड मुरगाळला होता, कुणाला दिवस गेले होते, कुणाच्या घरी तेल नव्हतं. आमच्या शेजारच्या सुनेच्या हातावर काळंनिळं बघून ती काही बोलली नाही. बांगड्या भरून झाल्यावर उंबऱ्याबाहेरून त्या सुनेच्या सासूला म्हणाली, "हिच्या हाताला आता मोठं माप लागतंय. सुजलाय. पुढच्या येळंला बी सुजलेला आसला तर मी गावात माप इचारत फिरंन." सासूला कळायचं ते कळलं.

ती कुणाच्या घरात शिरायची नाही. पायरीवर बसायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला वरून पाणी घालायच्या, भांड्याला तिचा हात लागू नये म्हणून. ती ओंजळीनं प्यायची आणि तोंड पुसून म्हणायची, "तुमचं पाणी आभाळातनं येतंय पाटलीणबाई, म्हणून गार लागतं." आत्याबाईंना हे कौतुक वाटायचं. मला वाटायचं नाही.

आणखी एक तिची रीत होती, ती पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवा. जुन्या बांगड्या काढायच्या आधी ती एक नवी बांगडी हातात सरकवायची आणि मगच जुन्या उतरवायची. सवाशिणीचं मनगट एक घटकाही रिकामं राहू द्यायचं नाही. सगळेच कासार आणि मणेर हे करतात, पण तिच्या हाताला ते इतकं बसलं होतं की ती दुसऱ्याशी बोलत असली तरी बोटं आपली ती एक बांगडी चढवत असायची. आपण पापणी मिटतो, तसं.

तिच्यासारख्या आणखी तीन बाया होत्या. एक सुईण, एक देवळातली गुरवीण, आणि एक बाजारगावातली गिरणीवाली. या चौघींचा प्रत्येक घरात पाय होता, किंवा प्रत्येक घराचा पाय त्यांच्या दारात होता. सुईणीला पोटातलं कळायचं, गुरविणीला नवसातलं. आणि गिरणीवालीला दळणातलं. घरात चार माणसं आणि दळण सहा माणसांचं आलं, तर वरची दोन तोंडं कुणाची, हे पाटलाला कळायच्या आधी तिला कळायचं. चाचीला हातातलं कळायचं, ते सांगितलंच.

आणि गाव असं मानायचं की या चौघींचं एकमेकींशी हाडवैर आहे. सुईण आणि चाची समोरासमोर आल्या की लोक कामं टाकून ऐकायला उभे राहायचे. सुईण म्हणायची, हिच्या बांगड्या घातल्या की पोरीच होतात. चाची म्हणायची, हिनं नाळ कापलेली पोरं सगळी हिच्यासारखी वाकड्या तोंडाची निघतात. गुरविणीनं चाचीची सावली पडली म्हणून पायरी धुतली होती, सगळ्यांदेखत. गिरणीवाली तिचं दळण शेवटी ठेवायची. वैर कशावरून पडलं ते प्रत्येक गावात वेगळं सांगायचे. आमच्या गावात म्हणायचे कोंबड्यावरून. नदीपलीकडे म्हणायचे बारशातल्या मानावरून.

मी आधी तेच खरं मानत होते. पण एक गोष्ट मला खटकायची. आमच्याकडे एक मोठं घर होतं, बागायती, दाराला बैलांच्या तीन जोड्या. त्या घरात पहिल्या सुनेचे इतके हाल केले की ती आडात गेली. नंतर त्या घरात मुलगी द्यायला कुणी तयार होईना. या काठचं नाही आणि त्या काठचंही नाही. कुणी उघड काही बोललं नव्हतं. फक्त बघायला आलेल्या पाहुण्यांच्या बायकांना कुठं पायरीवर, कुठं गिरणीत, कुठं देवळात काहीतरी कळायचं आणि पाहुणे चहा घेऊन परत जायचे. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या चार बायकांनी एकच काम इतकं नीट कसं केलं, ते मला तेव्हा उलगडलं नाही.

कळलं ते बेचाळीसनंतर. आमचे मालक भूमिगत झाले होते. त्यांनी काय केलं, काय नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि पुढं भाषणातही सांगितलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. त्यांच्यावर वॉरंट होतं. पोलीस आले की ते नदी उतरून संस्थानच्या हद्दीत जायचे, कारण तिथं इंग्रजांचा फौजदार परवानगीशिवाय येऊ शकत नव्हता. महिना-महिना त्यांची खबर नसायची. मी सासू-सासऱ्यांबरोबर राहायचे.

एकदा दुपारी मी मामंजींची भाकरी घेऊन रानात चालले होते. आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या मागं सावलीत दोन बाया बसल्या होत्या. चाची आणि सुईण. मधे एक फडकं, त्यावर एकच भाकरी, आणि दोघी त्या एकाच भाकरीचे तुकडे मोडत होत्या. सुईण हिंदू, ही मुसलमान, आणि वर हाडवैरी. मी तशीच उभी राहिले. दोघींनी वर बघितलं. सुईण उठून उसात गेली. चाचीनं घास संपवला.

"काय बघितलंस?"

"काय न्हाई."

"बघितलं म्हणणारीचा भरवसा न्हाई, न्हाई म्हणणारीचा बी न्हाई. आता तुझ्यावर ठेवावाच लागंल. इलाज न्हाई." मग फडकं झटकत म्हणाली, "गावात ज्येंचं सगळ्यांशी बोलनं, त्येंचं एकमेकींशी बोलनं दिसू ने. दिसलं की लोक धरत्यात. एकीला धरली की चौघी सापडल्या, आन चौघी सापडल्या की गाव सापडलं."

म्हणून ती भांडणं. मी विचारलं, मग तुम्हाला एकमेकींकडून कळतं ते खरं कशावरून? तेव्हा तिनं मला त्यांच्या दोन रिती सांगितल्या. पहिली, बातमी तीन दारांनी आली तरच खरी धरायची. एका दारानं आली तर ऐकून सोडायची, दोन दारांनी आली तर ध्यानात ठेवायची, तिसऱ्या दारानं आली की मगच त्यावर पाऊल टाकायचं. दुसरी, तुला हे कुणाकडनं कळलं हे कधीच विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. म्हणजे मार बसला तरी तोंडात नावच नाही. हे सांगताना तिचं तोंड असं झालं होतं जसं एखाद्या गवंड्यानं स्वतः बांधलेला पूल दाखवावा. मलाही ते पटलं. ते किती कच्चं होतं ते दोघींनाही पुढं कळलं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी नदीच्या उतारावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. काही माणसं पाण्यातून पलीकडे गेली. पुढं दोन-तीन गावं खाली एक प्रेत लागलं. तोंड माशांनी खाल्लेलं. ते पोलिसांनी परस्पर जाळलं. गावात कुजबुज झाली की ते आमच्या मालकांचं. मामंजी बोलायचे बंद झाले. आत्याबाई चुलीपाशी बसून राहायच्या. मी रोजची कामं करत होते. लोक म्हणायचे, हिला काळीज नाही. काळीज होतं. पण ज्यानं बघितलं असा एक माणूस मला कुणी दाखवेना, मग मी कशाला रडू?

चार-पाच दिवसांनी फौजदार आला आणि त्यानं मला चावडीवर बोलावलं. निरोप आला तेव्हा चाची नेमकी आमच्या पायरीवर होती. आत्याबाई आत होत्या. तिनं माझा हात मांडीवर ओढला, बांगड्या बघितल्यासारखं केलं आणि खाली बघतच बोलली.

"फौजदाराकडं मढ्याच्या अंगावरची कोपरी हाय. तुझ्या हातची शिलाई हाय म्हणत्यात. वळख दे. आन बांगड्या फोडाय सांगतील, तर फोड."

मी हात ओढून घेतला. तिनं सोडला नाही.

"जिता हाय. तीन दारांनी आलंय." मग म्हणाली, "म्हणून तर फोडायच्या. ह्यो फौजदार शाना हाय. त्येला ठावं हाय, जित्या नवऱ्याची बायको देवाची आण घिऊन खोटं बोलंल, पर बांगडी फोडनार न्हाई. तू फोडलीस की त्यो नवरा मेला म्हणून लिवनार आन हुडकायचं सोडून देनार."

मी विचारलं, आत्याबाईंना सांगू का?

"न्हाई. आईचं तोंड लपत न्हाई."

ती हारा उचलून गेली. मी पदर घेतला आणि चावडीवर गेले.

चावडीपुढं सगळं गाव होतं. फौजदार खुर्चीवर बसला होता, पलीकडच्या जिल्ह्यातला, तरणा, बोलणं शहरी. त्यानं हवालदाराकडून ती कोपरी, अंगातली बंडी, घेतली आणि माझ्यापुढं धरली. ती मालकांचीच होती. पाठीवर मी लावलेलं ठिगळ होतं, आमच्या जुन्या लुगड्याच्या काठाचं. दुसऱ्या कुणाच्या पाठीवर ते ठिगळ असायचं कारण नव्हतं. चाचीनं जिता हाय म्हटलं होतं ते त्या ठिगळापुढं एकदम लहान झालं. मला वाटलं, ती खोटं बोलली. मग वाटलं, तीन दारांनी आलंय. आत्याबाईंनी ठिगळ बघितलं आणि त्या खाली बसल्या, मोठ्यानं नाही, पोतं टेकावं तशा.

"ओळखलं का?"

"आमच्यातलीच हाय."

"मग बाई, बांगड्या अजून हातात कशा?" तो गोड आवाजात बोलत होता. "तुमच्यात रीत आहे ना?"

गावातली कुणी विधवा पुढं येईना. ते काम करायला कुणाला आवडतं? फौजदारानं गर्दीवर नजर फिरवली आणि त्याला तो हारा दिसला. चाची मागं उभी होती. त्याला गंमत सुचली असावी. किंवा गंमत नसेल, पारख असेल. त्यानं तिला पुढं बोलावलं आणि म्हणाला, "तू भरतेस ना? मग तूच फोड. तुला कुठल्या कशा आहेत ते माहीत असेल."

ती पुढं आली. चावडीच्या पायरीवर माझे हात ठेवले. एक दगड उचलला. त्या दिवसाआधी तिनं कधी बांगडी फुटली असं म्हटलं नव्हतं, आम्ही सगळ्याच वाढवली म्हणतो, पण ती तर काचेचे तुकडेही रस्त्यात पडू द्यायची नाही, वेचून घ्यायची. तिनं दगड मारला. डावा हात झाला. उजव्या हाताला तिनं वरून खाली दगड मारत आणला. हिरवे तुकडे पायरीवर पडत होते. आत्याबाई ओरडल्या, "तुझं हात झडतील गं." चाचीनं मान वर केली नाही.

मग ती उठली. आणि मी माझ्या हाताकडे बघितलं. उजव्या हातात एक बांगडी होती. बारीक, हिरवी, मनगटापासून वर कोपराकडे सरकवलेली, चोळीच्या बाहीत अर्धी गेलेली. ती माझी नव्हती. ती नवी होती. हात धरल्याबरोबर तिच्या बोटांनी आधी एक नवी चढवली होती आणि मग जुन्या फोडल्या होत्या. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं. मी हात पदरात घेणार, तेवढ्यात आमच्याच भागातला तो हवालदार पुढं वाकला.

"साहेब, एक ठेवली हाय हिनं. सवाशिणीला ठेवत्यात तशी."

चावडीवर कुणी हललं नाही. फौजदार खुर्चीवरून उठला. चाचीनं माझ्या हाताकडे बघितलं, आणि तिचं तोंड मी पहिल्यांदा रिकामं बघितलं.  मला वाटलं, संपलं. आता तो विचारणार, नवरा कुठं आहे. आणि मला खरंच माहीत नाही हे त्याला पटणार नाही.

तेवढ्यात गर्दीतून सुईणीचा आवाज आला.

"अगं मढ्याच्या टाळूवरचं लोणी खानारे. रांडव बाईच्या हातातली बी एक चोरून ठिवलीस व्हय गं? सांच्याला काढून न्यायची आन उद्या दुसरीच्या हातात भरायची. असंच करती साहेब ही. माझ्या भैनीच्या टायमाला असंच केलं हिनं."

ती तशीच कंबरेवर हात ठेवून पुढं आली आणि चाचीच्या घराण्यापर्यंत गेली. लोकांना त्या दोघींचं वैर ठाऊक होतं. मागून कुणीतरी हसलं. गावचे पोलीस पाटील म्हणाले, "ह्यांचं जुनं हाय साहेब, कोंबड्याचं." हवालदारालाही ते ठाऊक होतं. तो मागं सरला. फौजदारानं कंटाळून हात झटकला आणि चाचीला म्हणाला, "फोड ती."

चाचीनं ती मनगटापर्यंत खाली ओढली आणि फोडली. या खेपेला दगड तिरका बसला. काच माझ्या मनगटात खोल गेली. तो वण अजून आहे. पंचनाम्यात त्यांनी मालक मेले असं लिहिलं आणि शाळेत पडलेला पोलिसांचा तळ चार दिवसांत उठला.

पुढची वर्षं मी विधवा होते. हे नाटक नव्हतं. सणाला मला मागं बसवायचे. सकाळी मी समोर आले की मामंजी परत फिरून दुसऱ्या दारानं जायचे, मुद्दाम नव्हे, सवयीनं. मी मनात धरून ठेवलं होतं की ते जिवंत आहेत. तीन दारांनी आलंय. रात्र झाली की ते शब्द कमी पडायचे, सकाळी परत पुरे पडायचे. आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मुलगा आधी गेला असं समजून गेल्या. शेवटी त्यांनी मला विचारलं होतं की तू रडत का नाहीस. मी म्हटलं, मला येत नाही.

चाची आमच्या दारात यायची बंद झाली. विधवेच्या दारात बांगडीवालीचं काम काय, असं मी धरलं. बाजारात दिसली तर दुसऱ्या बाजूला वळायची.

ती मेली तेव्हाचं इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. ते बऱ्याच वर्षांनी झालं. तिच्या गावात तिच्या दारापुढं आमच्या गावची म्हातारी सुईण जाऊन उभी राहिली आणि तिला शिव्या द्यायला लागली. आत माणसं कुराण वाचत होती. कुणीतरी तिला हाकलायला आलं. ती हलली नाही. तिचा आवाज बसेपर्यंत ती शिव्या देत होती. मग भिंतीला टेकून बसली. त्या दोघींना एकमेकींशी सगळ्यांदेखत बोलायची तेवढी एकच भाषा येत होती.

वॉरंटं उठली आणि मालक आले. भर दुपारी, पायी. मी शेणी थापत होते. त्यांनी आधी आत्याबाई कुठं आहेत ते विचारलं. मी सांगितलं. ते तिथंच उकिडवे बसले. गोळीबाराच्या थोडं आधी त्यांनी आपली कोपरी भिजून काकडणाऱ्या एका नव्या पोराला दिली होती. त्याचं खरं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे त्या पोराची कुणी बायको असेल तर ती कुठंतरी हिरव्या बांगड्या घालून वाट बघत बसली असेल. माझ्या हातावर फुटल्या त्या तिच्या होत्या. ते स्वतः विट्याकडच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मद्रासला गेले होते. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकतात, तशा दुकानात भट्टीवर. निरोप पाठवला नाही, कारण मेलेला माणूस निरोप पाठवत नाही. मी मेलो असं लिहिलंय हे त्यांना तिकडं कळलं होतं.

मद्रास. हे ऐकल्यावर मी हिशेब जुळवायला लागले. चौघींचा पाय नदीच्या दोन काठांपुरता. मद्रासला त्यांचं कोण होतं? मग तीन दारांनी आलं ते कुठून आलं?

आठवड्यानं चाची आली. न बोलावता. पायरीवर बसली, हारा उतरला, हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझा हात मांडीवर घेतला. मी विचारलं.

ती बांगड्या टिचकत बोलायला लागली.

"गोळ्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिशी मी गिरणीत हुते. गिरणीवालीचं तोंड बघून म्या म्हनलं, मला न्हाई वाटत त्यो मेला आसंल. नुसतं म्हनलं. तिनं सुईणीला सांगितलं, जिता हाय म्हणत्यात. कोण म्हणतंय ते सांगायची रीत न्हाई. सुईणीनं गुरविणीला सांगितलं. मग आदी गुरवीण मला म्हनली, जिता हाय. मग सुईण म्हनली. मग गिरणीवाली म्हनली, आता पक्कं हाय. तीन दारं झाली."

"आन?"

"आन काय. माझंच वाक्य गावाला वळसा घालून माझ्या दारात आलं. ठावं कुणालाच नव्हतं. ह्ये कळलं तवा तुज्या बांगड्या फुटून सा म्हयनं झालं हुतं. तवापासनं तुज्या दारात यायला पाय उचलना."

 आत्याबाई डोळ्यांपुढं आल्या. मी त्यांना सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं, नाही सांगितलं तर खरं लपवलं गेलं. आणि सांगण्या न सांगण्याचा सगळा आधार काय, तर गिरणीत म्हटलेलं एक वाक्य. मला त्या चौघींचा राग आला. इतक्या घरांत पाय होते, इतक्या गोष्टी त्यांना कळत होत्या, आणि त्यांनी सगळ्यात जास्त विश्वास ठेवला तो एकमेकींवर.

"हात ढिला सोड," ती म्हणाली.

मला खाली बघेपर्यंत कळलं नव्हतं. मी मूठ आवळली होती.

"सुटत न्हाई," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे." तिनं मूठ तशीच दोन्ही हातांत धरली आणि दुसरीकडे बघत बसून राहिली. ऊन पायरीवरून खाली उतरलं. मालक आतून एकदा डोकावून गेले. कधीतरी हात कंटाळला. पहिली बांगडी तिनं त्या वणावरून सरकवली तेव्हा दुखलं नाही.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला वाकून नमस्कार करायची आमच्यात रीत आहे. ती थोडा वेळ थांबली. मग तिनं हारा उचलला.

त्या दिवशी मी वाकले नाही. पुढच्या खेपेला वाकले.